दुसरी किल्ली

लिव्ह अँड लायसन्सचा करार आता घरबसल्या होतो. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन दारात हजर होतो. मालकाचा फोटो, भाडेकरूचा फोटो, साक्षीदारांचे अंगठे. अर्ध्या तासात काम उरकतं. कराराच्या शेवटी सामानाची यादी असते. पंखे चार. ट्यूब पाच. गिझर एक. पडद्यांचे रॉड तीन. मालक बाकी कलमं वाचत नाहीत, ही यादी मात्र बोट ठेवून वाचतात. एखादा बल्ब राहिला असेल तर घालायला लावतात. यादीच्या तळाशी एक ओळ असते: किल्ल्या, एक संच.

एकाच किल्लीचं लॅच बाजारात मिळत नाही. मग बाकीच्या किल्ल्या कुठे गेल्या? हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारत नाही. भाडेकरू विचारत नाही, कारण घर हातचं जाईल. एजंट विचारत नाही, कारण त्याला दोन्हीकडून दलाली घ्यायची असते. मालकाला विचारायची गरजच नसते. किल्ली त्यांच्या कपाटात, लॉकरच्या वरच्या कप्प्यात, फ्लॅटचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठीला बांधलेली असते.

आमच्या ओळखीतली एक मुलगी पुण्यात आयटी कंपनीत रात्रपाळी करते. सकाळी सातला घरी येते, पडदे ओढून झोपते. एक दिवस अकराच्या सुमारास तिला लॅच फिरल्याचा आवाज आला. ती धडपडत बाहेर येते तो हॉलमध्ये मालक उभे. त्यांच्यामागे सुतार, सुताराच्या हातात मापाची टेप. "घरीच आहेस होय? झोप तू, आम्ही फक्त माप घेऊन जातो." ती ओढणी शोधत उभी. सुताराची नजर कुठे ठेवावी हे सुतारालाच कळेना. माप घेऊन झालं. जाता जाता मालकांनी स्वयंपाकघरात डोकावलं. सिंकमधली भांडी पाहिली. दाराबाहेर चपलांचे जोड किती आहेत तेही पाहिलं. संध्याकाळी तिने मेसेज केला, "काका, येण्याआधी कळवाल का?" उत्तर आलं, "अगं, घर आपलंच आहे."

दुसऱ्या दिवशी तिने आतून एक जाडजूड कडी बसवून घेतली. पंधरा दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं, की चारशे दोनमधली मुलगी जरा त्रासदायक आहे. न विचारता दाराला भोकं पाडते.

'आपलंच' या शब्दापाशी जरा थांबावं. नळ गळतो तेव्हा घर 'तुमचं' असतं; राहता तुम्ही, बघा तुम्ही. मेंटेनन्स वाढला की घर 'सोसायटीचं' होतं. आत शिरायचं असलं की ते 'आपलं' होतं. एकाच घराची इतकी सर्वनामं व्याकरणात बसत नाहीत. भाडेव्यवहारात बसतात.

आत शिरण्याआधी कळवावं लागतं, याबद्दल महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात संदिग्धता नाही. १९९९ च्या या कायद्याचं कलम २८ जेमतेम एका वाक्याचं आहे. जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क आहे. पाहणी वाजवी वेळी करायची, आणि आधी सूचना देऊन करायची. सूचना कोणाला? भाडेकरूला, लायसेन्सीला, किंवा जो कोणी राहत असेल त्याला. तिघांचाही उल्लेख कलमात आहे. 'वेळेवर भाडं देणाऱ्याला' किंवा 'नीट बोलणाऱ्याला' असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

यावर मालकांचं एक ठरलेलं उत्तर असतं. तो भाडेकरू नाहीच, लायसेन्सी आहे. ताबा माझाच आहे. म्हणून किल्ली माझ्याकडे.

हे उत्तर आजचं नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरू हलेनासे झाले. तेव्हा मालकांनी भाडेकरू घेणं सोडून लायसेन्सी घ्यायला सुरुवात केली. लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. जागेचा ताबा मालकाकडेच. पण राहणारा दिवसरात्र आत, मालक बाहेर, तर ताबा कोणाचा हे कोर्टाला दाखवायचं कसं? काहीतरी खूण हवी. दुसरी किल्ली ही ती खूण. ती मालकाकडे राहील असं वकील करारात आवर्जून लिहीत. मग १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख आली. त्या दिवशी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना कायदेदुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण दिलं. किल्ली कपाटात राहिली आणि घर हातातून गेलं. मुंबईतल्या किती मालकांनी ही गोष्ट वडिलांच्या तोंडून ऐकली असेल. त्या धास्तीला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण ती धास्ती १९९९ च्या कायद्याने मिटवली, हेही मालकांना पाठ आहे. कलम २४ सांगतं, मुदत संपली की लायसेन्सीने घर रिकामं करायचं. केलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि तो जितके दिवस बसून राहील तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने घ्यायची. लेखी करार हाच पुरावा. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारीही मालकावरच टाकली आहे. म्हणजे ताब्याची खूण म्हणून किल्ली जपण्याची आता गरज नाही. ते काम अंगठे उमटलेला कागद करतो. धास्ती संपली, किल्ली तेवढी मागे उरली. आणि कलम २८ लायसेन्सीचं नाव घेऊन बोलतं, तेव्हा 'तो नुसता लायसेन्सी' हेही उत्तर उरत नाही.

आता त्या किल्लीला नवं काम मिळालं आहे. ज्याच्याशी बरं चाललं आहे त्याच्या दाराला ती कुणी लावत नाही. तिथे मालक फोन करतात, रविवारी येऊ का विचारतात. चहा होतो, गळका नळ दाखवला जातो, पोराच्या दहावीची चौकशी होते. किल्ली निघते ती 'त्रासदायक' भाडेकरूसाठी. भाडं पंधरवडा उशिरा देणारा. फोन न उचलणारा. प्लंबरला दोनदा परत पाठवणारा. ज्याच्याबद्दल खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे असा. याला कळवायचं कशाला, असं मालक म्हणतात. कळवलं तर सावध होईल.

म्हणजे सूचना हे शहाण्या वागणुकीचं बक्षीस झालं. गंमत अशी, की शहाण्याला त्या कलमाची गरजच पडत नाही. दोघांचं गूळपीठ असलं की कायद्याची पुस्तकं कपाटात राहतात. कलम २८ ज्या दिवसासाठी लिहिलं आहे, तो दिवस दोघांचं बिनसल्यावरच उजाडतो. आणि नेमक्या त्याच दिवशी मालक ते गुंडाळून ठेवतात.

'सावध होईल' म्हणजे नक्की काय होईल, हे मालकांना एकदा विचारून पाहावं. भिंतीची ओल चोवीस तासांत लपत नाही. उखडलेली फरशी सूचना मिळाली म्हणून जागेवर बसत नाही. गिझर जळला असेल तर दुसऱ्या दिवशीही जळलेलाच सापडतो. सूचना मिळाल्यावर लपतो तो माणूस. करारात नसलेला मित्र, गावाहून आलेला भाऊ, फ्रीजमधलं मटण, गॅलरीत पाळलेलं मांजर. तेच पाहायचं असेल तर त्याला पाहणी म्हणू नये. ती झडती झाली. झडतीसाठी पोलिसांनाही कागदावर कारण लिहावं लागतं.

शिवाय मालकांना एक माहीत नसतं, किंवा माहीत करून घ्यायचं नसतं. भारतीय न्याय संहितेतला अतिक्रमणाचा गुन्हा मालकी विचारत नाही, प्रत्यक्ष ताबा विचारतो. दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात गुन्हा करण्याच्या, किंवा त्याला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, उपद्रव देण्याच्या हेतूने शिरणं हे कलम ३२९ खाली येतं. राहत्या घराच्या बाबतीत शिक्षा एक वर्षापर्यंत, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सातबारा किंवा इंडेक्स टू कोणाच्या नावावर आहे हा तिथे बचाव नाही. नळ पाहायला गेलेल्या माणसावर हे कलम लागेल असं कुणी म्हणणार नाही. पण 'जरा दाखवतोच त्याला' म्हणून जिना चढणाऱ्याने त्यातला हेतू हा शब्द सावकाश वाचावा.

मालकांची बाजू नाही असं मुळीच नाही. निवृत्तीचे पैसे एका वन बीएचकेत घातलेले असतात. भाडं हेच पेन्शन. खालच्या फ्लॅटच्या छताला बुरशी आलेली असते, तिथल्या बाई रोज फोन करतात, सेक्रेटरी दंडाची भाषा करतात. सोसायटीच्या लेखी भाडेकरू अस्तित्वातच नसतो. बोलणी खायला मालक. आणि वरचे महाशय दार उघडत नाहीत. 'आज मीटिंग आहे.' 'उद्या गावाला चाललो.' कोणाचंही डोकं फिरेल.

पण डोकं फिरलेल्या माणसाच्या हाती कोणतं हत्यार द्यावं? वकिलाला विचारा, तो किल्ली सांगणार नाही. तो सांगेल, मेसेज करा. दिवस लिहा, वेळ लिहा, कारण लिहा. 'शनिवारी सकाळी अकरा वाजता, प्लंबरसह, बाथरूमची गळती पाहण्यासाठी.' तो नाही म्हणाला तर दुसरा दिवस द्या. तोही नाकारला तर तिसरा. आता तुमच्या फोनमध्ये तीन तारखा आहेत आणि तीन नकार आहेत. मालकाचा हक्क कलम २८ ने दिलेलाच आहे. तो डावलल्याचा पुरावा भाडेकरूने स्वतःच्या हाताने टाइप करून दिला. कराराचा भंग म्हणून मुदतीआधी लायसन्स संपवायचं तर नोटिशीला जोडायला हे कागद तयार. त्रासदायक भाडेकरूचा त्रास असा जमा करता येतो.

किल्लीने तोच डाव उलटतो. तुम्ही आत गेलात, गळती पाहिलीत, बाहेर आलात. संध्याकाळी तो म्हणतो, ड्रॉवरमधले आठ हजार दिसत नाहीत. गेले असतील किंवा नसतीलही. पण पोलिस चौकीत पहिला प्रश्न एकच होतो: दुसरी किल्ली कोणाकडे? तोपर्यंत तक्रारदार मालक होते. आता ते उत्तरं देण्याच्या बाजूला उभे आहेत. ज्या माणसावर काडीचा भरवसा नाही, त्याच्या पश्चात त्याच्या पैशांच्या चार फुटांवर एकट्याने उभं राहायचं, हे शहाणपण कुठलं?

सूचना देतो की आम्ही, असंही काही मालक म्हणतात. त्यांच्या सूचनेचा नमुना पाहण्यासारखा असतो. 'येतोय.' तीन अक्षरांचा मेसेज, पार्किंगमधून पाठवलेला. त्यावर निळ्या खुणा उमटेपर्यंत लिफ्ट वर आलेली असते. सूचना दिली का? दिली. याला कायद्याची मोकळीक कारणीभूत आहे, हे मान्य करायला हवं. कलम २८ म्हणतं 'आधी', किती आधी ते म्हणत नाही. बहुतेक छापील करारांतही 'वाजवी सूचना देऊन' एवढेच शब्द असतात. वाजवी म्हणजे किती, हे ठरवतो ज्याच्या हातात किल्ली तो.

केंद्र सरकारने २०२१ च्या जून महिन्यात आदर्श भाडे कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यात ही पळवाट बुजवलेली आहे. निदान चोवीस तास आधी सूचना, लेखी किंवा मोबाइलवरून चालेल. तीत दिवस, वेळ आणि कारण तिन्ही हवीत. सूर्योदयाआधी नाही, सूर्यास्तानंतर नाही. सूचनेविना आत जायची मुभा आहे ती युद्ध, पूर, आग, भूकंप अशा प्रसंगी. यादी युद्धापासून सुरू होते, पण फुटलेल्या पाइपचं नाव त्यात नाही, हे जरा चमत्कारिकच. तरी दिवस-वेळ-कारण हे त्रिकूट नेमकं आहे. विशेषतः कारण. 'सहज बघायला' हे कारण लिहून पाठवताना मालकाचाही अंगठा क्षणभर थबकेल.

तो कायदा राज्यांसाठी नुसता नमुना आहे. महाराष्ट्रात कारभार १९९९ च्याच कायद्यावर चालतो. पण करारात 'वाजवी'च्या जागी 'चोवीस तास' असं लिहायला कोणता कायदा आड येतो? कोणताही नाही. आपत्काळात फुटलेला पाइप धरायचा, हेही त्याच ओळीत लिहिता येतं. दोन बोटं टायपिंगचं काम आहे. ज्या करारात पडद्यांच्या रॉडची संख्या लिहिता येते, त्यात तासांची संख्याही लिहिता यावी.

त्या रात्रपाळीच्या मुलीचा करार या महिन्यात संपत होता. भाडं दहा टक्क्यांनी वाढवून मालक नवा करायला तयार झाले. भाडं वेळच्या वेळी येत होतं, त्यामुळे ती एव्हाना फारशी त्रासदायक राहिली नव्हती. एजंट लॅपटॉप घेऊन आला. यादी वाचली गेली. पंखे चार, ट्यूब पाच, गिझर एक. तळाच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. म्हणाली, "इथे दोन संच लिहा. दुसराही मला द्या, म्हणजे काकांना आणायला नको."

एजंटाने मालकांकडे पाहिलं. म्हणाला, "मॅडम, तसं लिहायची पद्धत नाही."

मालक चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि हॉलमधले पंखे पुन्हा एकदा मोजायला घेतले.